फाइलमधला ‘सवयी’चा रकाना : मूल होण्याचे उपचार घेताना सिगारेट, बिडी, मशेरी कशी सोडायची

पहिल्या भेटीत सिस्टरनी हातात फॉर्म दिला तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. नाव, वय, शेवटच्या पाळीची तारीख, लग्नाला किती वर्षं झाली, आधीची ऑपरेशनं. आणि मग ‘सवयी : धूम्रपान / मद्यपान’. मी पेन न थांबवता ‘नाही’ लिहून मोकळी झाले. तेव्हा मला सिगारेट ओढायला लागून सात वर्षं झाली होती. मालाडला कॉल सेंटरची रात्रपाळी, दर दोन-अडीच तासांनी खाली टपरीवर कटिंग आणि सिगारेट. दिवसाला सहा-सात व्हायच्या. घरी फक्त नवऱ्याला माहीत.

त्या एका ‘नाही’मुळे पुढचं दीड वर्ष मी डॉक्टरांना अर्धवट माहिती देत राहिले आणि त्या अर्धवट माहितीवर माझे उपचार चालले. ज्यांचे उपचार नुकते सुरू झालेत किंवा पुढच्या आठवड्यात पहिली अपॉइंटमेंट आहे, आणि ज्यांच्या पर्समध्ये पाकीट, बिडीचा कट्टा किंवा मशेरीची डबी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. उपचारांच्या रांगेत बरीच वर्षं काढलेली, पुढे तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनाला बसलेली एक बाई आहे. औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकीचं मी सांगते.

आधी स्वतःच्या सवयीला तिच्या नावानं हाक मारा

ओपीडीत एकदा साताऱ्याकडची एक ताई भेटली, घाटकोपरला राहणारी. तिनं फॉर्मवर ‘धूम्रपान : नाही’ लिहिलं होतं आणि ते अगदी खरं होतं. पण बोलता बोलता तिनं पदराआडून पत्र्याची छोटी डबी काढली, चिमूटभर मशेरी तळहातावर घेतली, बोटानं हिरड्यांना लावली आणि खिडकीपाशी जाऊन थुंकून आली. दिवसातून पाच-सहा वेळा लावते म्हणाली. तिच्या आईनं, आजीनं लावली, मग तिनंही. ती याला तंबाखू समजतच नव्हती. दात घासायची पूड, बस.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. २०१६-१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या साधारण २ टक्के बायका बिडी-सिगारेट ओढणाऱ्या निघाल्या आणि तोंडात तंबाखू ठेवणाऱ्या जवळपास १३ टक्के. म्हणजे फॉर्मवर फक्त ‘धूम्रपान’ विचारलं की आपल्यातल्या बहुतेक तंबाखूवाल्या बायका त्यातून सुटून जातात. म्हणून त्या रकान्यात आपल्या हातानं भर घाला. मशेरी असेल तर मशेरी लिहा. चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, तपकीर, गुटखा, हुक्का, जे असेल ते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, ई-सिगारेटवर देशभर २०१९पासून. पण बंदी आहे म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना पोलिसांना कळवायचं नसतं, औषधाचा डोस ठरवायचा असतो.

सोबत तीन गोष्टी लिहा : किती वर्षं, दिवसाला किती वेळा, आणि सकाळी उठल्यावर पहिली किती मिनिटांनी. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे, आणि नुसत्या निर्धारावर भागेल असं समजू नका.

डॉक्टरांना पाच मिनिटं एकटीनं भेटा

खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे या तपासणीला बाई एकटी जातच नाही. नवरा असतो, सासू असते, कधी नणंद असते. केबिनमध्ये चार खुर्च्या भरलेल्या असतात आणि डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतात, “काही सवय?” त्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत एकच असू शकतं.

यातून वाट काढता येते. सोनोग्राफीच्या खोलीत बहुतेक ठिकाणी तुम्ही एकट्याच असता, तिथे सांगा. नाहीतर सिस्टरना हळूच म्हणा, “सिस्टर, मला मॅडमशी एकटीनं बोलायचंय.” त्यांना हे वाक्य नवं नसतं. तेही जमत नसेल तर चिठ्ठी लिहून केसपेपरमध्ये ठेवा आणि शेवटी एक ओळ घाला : ‘हे कृपया घरच्यांसमोर काढू नये.’ तुमची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, तुम्ही मागितलेली मेहरबानी नव्हे.

मी हे केलं नाही. आयव्हीएफसाठी, म्हणजे बीज शरीराबाहेर फळवून गर्भ पिशवीत सोडायच्या उपचारासाठी, स्त्रीबीज काढायच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही ‘नाही’च म्हणाले, कारण नवऱ्याबरोबर सासूबाईही दारात होत्या. आदल्या रात्री धास्तीनं चार सिगारेटी झाल्या होत्या. शुद्धीवर येताना खोकल्याची अशी उबळ आली की थांबेना, ऑक्सिजन लावावा लागला, आणि त्या डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं. बाहेर कुणाला काही बोलल्या नाहीत. जाताना फक्त म्हणाल्या, “मला सांगितलं असतंस तर मी तयारीत राहिले असते.” दोन दिवसांनी मी फाइल मागून घेतली, ‘नाही’ खोडलं आणि खरं लिहिलं. पेन उचलायला धीर लागला, लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

भूल घ्यायच्या आधी सिगारेटचं खरं सांगणं हा जिवाचा प्रश्न आहे. बाकी काही राहिलं तरी एवढं चुकवू नका.

शरीरात काय होतं

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या बीजांडकोशात दहा ते वीस लाख अपक्व बीजं असतात. नवी तयार होत नाहीत. वयाबरोबर ती संपतच जातात, आणि सिगारेटच्या धुरातली काही रसायनं हा साठा लवकर आटवतात. म्हणूनच ओढणाऱ्या बायकांची पाळी न ओढणाऱ्यांपेक्षा साधारण १ ते ४ वर्षं आधी जाते, आणि त्यांचा एएमएच, म्हणजे साठ्याचा अंदाज देणारा रिपोर्ट, अनेकदा कमी येतो. निकोटिनपासून शरीरात बनणारा कोटिनिन हा पदार्थ बीजाभोवतीच्या पाण्यात सापडतो. म्हणजे धूर फुप्फुसापाशी थांबत नाही.

दुसरं ठिकाण गर्भनलिका. नळीच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते बीजाला पुढे ढकलतात. धुरामुळे ही हालचाल मंदावते आणि गर्भ पिशवीपर्यंत न पोहोचता नळीतच रुजण्याचा धोका वाढतो. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर पोटात एका बाजूला जोरात दुखलं, रक्त गेलं, चक्कर आली किंवा खांद्यात विचित्र कळ आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. नळ्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक : आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे टीबी हे मोठं कारण आहे आणि धूम्रपानानं टीबीचा धोकाही वाढतो.

तिसरं, उपचारांचं यश. ओढणाऱ्या बायकांना दिवस राहण्यासाठी आयव्हीएफचे जवळपास दुप्पट प्रयत्न लागतात, असं अभ्यासांतून दिसलंय. मुंबईत खासगीत एका प्रयत्नाला लाखाच्या वर जातात, त्या हिशेबानं हा आकडा वाचा. गर्भपाताचा धोकाही वाढतो.

मशेरीत धूर नसतो, निकोटिन असतं. याचा एक मोठा अभ्यास आपल्या मुंबईतच झाला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला. १,२१७ गरोदर बायकांची माहिती त्यात होती. तोंडात तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली आणि सरासरी ६.२ दिवस आधी जन्माला आली. म्हणजे दिवस राहिल्यावरही डबी जवळ ठेवणं बरं नाही.

आता एक गोष्ट, आणि ही मनापासून सांगते. मूल न राहण्याचं खापर सिगारेटवर फोडून स्वतःला कोसत बसू नका. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचंही काही ना काही कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीनं. पीसीओएस (हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होणं) असतं, बंद नळ्या असतात, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) असतं, वय असतं. कधी सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही कारण सापडत नाही. कारण आणि अपराध एक नव्हेत. तुमच्या घरात कुणी ते एक करू पाहत असेल तर त्याला नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट आधी करून घ्यायला सांगा.

तारीख कशी ठरवायची

बीज पक्व होण्याचा शेवटचा टप्पा साधारण तीन महिन्यांचा असतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून दोघांनी मिळून उपचारांच्या तीन महिने आधी सोडली तर उत्तम. संपलेला साठा परत येत नाही, पण सोडल्यानंतर वर्षभरात दिवस राहण्याची शक्यता बरीचशी सावरते.

पण तीन महिने थांबणं सगळ्यांना परवडत नाही. वय ३७-३८ असेल, एएमएच खाली गेला असेल, तर ‘आधी सोडते, मग उपचार’ असं परस्पर ठरवू नका. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जायचं, असा सर्वसाधारण नियम आहे. तो सिगारेटसाठी मोडू नका. सोडणं आणि उपचार हातात हात घालून चालू शकतात. किती थांबायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी त्यांना खरं माहीत असायला हवं. फिरून तिथेच येतो आपण.

दिवस निवडताना पाळीचा विचार करा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आधीच चिडचिड असते, त्यात हे नको. मी पाळी संपल्यानंतरचा शनिवार धरला होता, कारण रविवारी सुट्टी आणि सोमवारी टपरीवर जाणारी माझी सोबतीण गावी होती. असे बारीकसारीक हिशेब कामी येतात. सणाचा, वाढदिवसाचा, वर्षाच्या पहिल्या तारखेचा मुहूर्त धरायची गरज नाही.

हळूहळू कमी करण्याबद्दल : दहावरून चारवर आणलं की बरं वाटतं, पण माणूस ती चार जास्त खोल ओढतो आणि निकोटिनचा हिशेब बराचसा पूर्वीइतकाच ठेवतो. ‘लाइट’ सिगारेटीचंही तेच. कमी करायचंच असेल तर आठवडा-दोन आठवड्यांची मुदत घाला आणि मग पूर्ण बंद.

आधीचा आठवडा

घरातली सगळी पाकिटं, लायटर, डब्या बाहेर काढा. पर्सचा आतला कप्पा, कपाटातल्या साड्यांची घडी, ऑफिसचा ड्रॉवर. आपण कुठे कुठे लपवतो ते आपल्यालाच माहीत असतं.

मग एका कागदावर रोजच्या जागा लिहा. माझा कागद असा होता : स्टेशनवरून उतरल्यावर टपरी, पहिल्या ब्रेकचा चहा, जेवणानंतर, सासूबाईंचं टोमणेवजा बोलणं, कुणाचं तरी डोहाळजेवण. शेवटच्या दोन वाचून मलाच रडू आलं. प्रत्येक जागेपुढे दुसरं काहीतरी लिहा. टपरीच्या बाजूनं न जाता दुसऱ्या पुलानं उतरा. चहा खाली टपरीवर न पिता वर कॅन्टीनला घ्या. डोहाळजेवणाला न जाणं हाही पर्याय आहे. ओटीची पिशवी आधी घरी पोहोचवा, बरं नाही म्हणा, कुणाचं काही बिघडत नाही.

पहिले चार दिवस

दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात जड. डोकं दुखतं, झोप लागत नाही, भांडी आपटली जातात, कुठेच लक्ष लागत नाही. त्यानंतर उतार लागतो, आणि शरीराची ओढ दोन ते चार आठवड्यांत बरीच निवळते. एक तलफ काही मिनिटांचीच असते. ती येते, वर चढते आणि उतरते. तेवढी मिनिटं निभावायची. पाणी घोट घोट प्या. लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका, सुपारी मात्र नको, सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण ठरते. गच्चीत दोन चकरा मारा. एखाद्या मैत्रिणीला फोन लावा आणि तिला आधीच सांगून ठेवा की असा फोन आला तर कारण विचारायचं नाही, नुसतं बोलत राहायचं.

चहा-कॉफीबद्दल फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर जाळतं. सिगारेट बंद झाली की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. त्यामुळे धडधड, हातांची थरथर, रात्री टक्क जाग, आणि आपण समजतो हे सगळं सिगारेट सोडल्यामुळे होतंय. चहा-कॉफी निम्म्यावर आणा. मी पाच कटिंगवरून दोनवर आले आणि तिसऱ्या रात्री झोपले.

वजन थोडं वाढतं, वर्षभरात चार-पाच किलो वाढणाऱ्या बऱ्याच जणी असतात. त्या धास्तीनं परत ओढू नका. भूक लागली की फुटाणे, काकडी, ताक. फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर रोज घ्या. ओढणाऱ्यांच्या रक्तात फोलेट कमी असतं आणि बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते दिवस राहण्याच्या आधीपासून लागतं.

निकोटिनचं च्युइंगगम आणि गोळ्या

दोन मिलिग्रॅमचं निकोटिनचं गम केमिस्टकडे मिळतं. पण तुमच्यावर उपचार चालू आहेत, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः आयव्हीएफमध्ये गर्भ पिशवीत सोडल्यानंतरच्या दोन आठवड्यांत किंवा दिवस राहिले असण्याची शक्यता असताना. गममध्ये धूर, डांबर, कार्बन मोनॉक्साइड नसतं, त्यामुळे सिगारेटपेक्षा ते कमी हानिकारक. तरी निकोटिन निकोटिनच, म्हणून निर्णय त्यांच्यावर सोडा. तलफ मारणाऱ्या इतर गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून अजिबात घेऊ नका.

गम खाण्याची पद्धत वेगळी असते, साध्या च्युइंगगमसारखं चघळत सुटायचं नाही. हळू चावायचं, तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोनदा चावायचं. असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटिन पोटात जातं, मग उचक्या लागतात, मळमळतं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत नको, तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषलं जात नाही. ‘गमचा काही उपयोग नाही झाला’ म्हणणाऱ्या ज्या मला भेटल्या, त्यातल्या बऱ्याच जणी कटिंगबरोबर गम चघळत होत्या.

मशेरी लावणाऱ्यांसाठी

तुमची अडचण वेगळी असते. “मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही”, हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की त्यात तथ्य आहे असंच धरून चालते. निकोटिननं आतड्यांची हालचाल वाढते, ते थांबलं की काही दिवस बद्धकोष्ठ होतं. याची तयारी ठेवा. उठल्याउठल्या दोन पेले कोमट पाणी, रात्री पपई किंवा भिजवलेल्या मनुका, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. दोन-तीन आठवड्यांत पोट आपल्या वळणावर येतं.

बोटाला हिरड्यांवर फिरायची सवय असते, त्याला काहीतरी काम द्या. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट, तलफेच्या वेळेला चूळ भरून पुन्हा एकदा ब्रश. ती घाटकोपरची ताई डबीत भाजलेला ओवा आणि बडीशेप भरून ठेवायची. डबी तीच, उघडायची खोड तीच. तिनं सांगितलं तेव्हा ती महिनाभर मशेरीशिवाय होती. घरात दुसरं कुणी मशेरी भाजत असेल तर त्यांना तेवढे महिने तवा बाहेर न्यायला सांगा. तो वास आणि तो धूर दोन्ही तुम्हाला नकोत.

नवरा, आणि दहा बाय दहाची खोली

नवरा ओढत असेल तर तुमचं एकटीचं सोडणं अर्धंच. दुसऱ्याच्या धुरानंही दिवस राहायला उशीर होतो. शिवाय त्याच्या शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आतल्या डीएनएची अवस्था धुरानं बिघडते. “मी खिडकीत ओढतो” याला चाळीत किंवा वन आरकेत अर्थ नाही, धूर फिरून आत येतो. त्याला डॉक्टरांसमोर विचारायला लावा. तुम्ही सांगितलेलं कटकट वाटतं, तेच डॉक्टरांनी सांगितलेलं पटतं. मला हा अन्याय वाटतो, पण त्याचा उपयोग करून घेण्यात कमीपणा नाही.

मदत कुठे मिळते

सिगारेटच्या पाकिटावरच एक नंबर छापलेला असतो : १८००-११२-३५६. ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन. फोन फुकट आहे. समुपदेशक तुमच्याबरोबर तारीख ठरवतात. कॉलची नोंद घरी दिसू नये असं वाटत असेल तर ऑफिसमधून लावा.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तंबाखू सोडण्यासाठी क्लिनिक आहे. कर्करोग झालेल्यांनीच तिथे जायचं असतं असा समज असेल तर काढून टाका. दंत महाविद्यालयांमध्येही तंबाखूमुक्ती केंद्रं असतात. ‘दाताला दाखवून येते’ म्हणून घरातून निघता येतं, हा त्यांचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. उपचारांचा खर्च झेपत नसेल तर केईएम, सायन, नायर इथल्या स्त्रीरोग ओपीडीत जा. केईएममध्येच ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून मुंबईतली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली होती. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, दिवस जाईल अशा तयारीनं डबा घेऊन जा. त्या रांगेत वाट बघताना तलफ येते, तेव्हा पिशवीत फुटाणे ठेवा.

घसरलात तर, आणि निकालाचा दिवस

एक ओढली म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं नाही. बहुतेकांना सोडायला एकाहून जास्त प्रयत्न लागतात. कुठे, कुणाबरोबर, कशानंतर ओढली, ते त्या जागांच्या कागदावर लिहा आणि पुढची ओढू नका. डॉक्टरांनाही सांगा.

सगळ्यात धोक्याचा दिवस निकालाचा. रक्ताचा रिपोर्ट बहुधा संध्याकाळी मोबाइलवर येतो, तुम्ही कुठेही असताना. म्हणून त्या दिवसाची संध्याकाळ आधीच ठरवून ठेवा : कुठे असाल, कुणाबरोबर असाल, घरी कोण कुणाला सांगेल. नवऱ्याला सांगा की सासरी फोन त्यानंच करायचा.

माझं दुसरं आयव्हीएफ सिगारेट सोडून पाच महिने झाल्यावर झालं. रिपोर्ट आला तेव्हा मी घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर होते. निगेटिव्ह. जिना उतरलं की समोर टपरी, हे पायांना पाठ होतं. पण आधी ठरल्याप्रमाणे मुलुंडच्या मावशीला फोन लावला. ती फक्त म्हणाली, “ये गं, पोह्यांना कांदा चिरते.” मी जिना न उतरता समोर आलेल्या गाडीत चढले. तिच्याकडे पोचेपर्यंत पोहे गार झाले होते, तिनं झाकण ठेवून परत वाफ आणली. रात्री तिथेच झोपले. तिसऱ्या दिवशी पाळी आली तेव्हा क्लिनिकला फोन करून तारीख कळवली, आणि सिस्टरनी फाइल काढून नेहमीचे प्रश्न विचारले. सवयी? मी म्हटलं, “सिगारेट होती. पाच महिने बंद आहे.”